खिडकीतून तलाव दिसतो का?

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझी अम्मी आणि माझी मुलगी अशा आम्ही तिघी सहा रात्रींसाठी जिनेव्हाला जाऊन आलो. धाकटा भाऊ तिथे कंपनीच्या कामावर दोन वर्षांसाठी आहे. अम्मीला त्याला बघायचं होतं. माझ्या शौहरांना रजा मिळाली नाही. मी अंबरनाथला राहते, उल्हासनगरच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. ट्रेनने एकच स्टेशन. आजवरचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास हैदराबादपर्यंतचा होता, त्यामुळे आमच्या घरात या सहलीचं नियोजन लग्नासारखं झालं.

तिकिटाचं लवकर ठरलं. भांडण झालं ते राहायचं कुठे यावर.

गोल मैदानाजवळच्या एका टूरवाल्याकडे गेले, तर त्याने मोबाईलवर आधी तलावाचा फोटो दाखवला. पाण्यातून १४० मीटर उंच उडणारं कारंजं, मागे बर्फाचा डोंगर. म्हणाला, "मॅडम, एवढं लांब जाताय तर रूम लेक व्ह्यूच घ्या. खिडकीतून तलाव दिसला नाही तर जाऊन उपयोग काय?" माझ्या सासरचे मोठे अब्बा म्हणाले, तीन बायका एकट्या, तेव्हा मशिदीजवळ राहा, आपल्या लोकांत राहा. भावाचा एक मित्र म्हणाला, जिनेव्हात राहायचा वेडेपणा कशाला, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये आनमास गावात राहा, निम्म्या पैशांत होतं. खालाजान म्हणाल्या, सख्ख्या भावाचं घर असताना हॉटेल? लोक काय म्हणतील!

चौघांचंही बोलणं प्रेमाचं होतं. पण त्यांनी दिलेल्या सल्ल्यातला एकही मी घेतला नाही, आणि का घेतला नाही ते इथे लिहिते आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरांतून आता कोणी ना कोणी शिकायला किंवा नोकरीला बाहेर आहे. त्यांना भेटायला जाणाऱ्या आया आणि बहिणी माझ्यानंतरही जातीलच.

खालाजानपासून सुरुवात करते. भावाचं 'घर' म्हणजे एक खोली. पलंग, टेबल, शेगडी सगळं त्यातच. त्याच्या भाड्याच्या करारात एकाच माणसाचं नाव आहे. सहा रात्री तिघींनी तिथे काढायच्या म्हणजे त्याने बाहेर जिन्यात झोपायचं. आपल्याकडे पाहुणचाराचं कौतुक फार. पण पाहुण्याने यजमानाला अडचणीत येईपर्यंत मुक्काम लांबवू नये, हेही आपल्याच दीनने शिकवलेलं आहे, ते आपण सोयीने विसरतो. मी अम्मीला गांधीजींचं उदाहरण दिलं. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेवरून परतताना ते याच तलावाच्या दुसऱ्या टोकाला, व्हिलनव्ह गावी, रोमां रोलांना भेटायला थांबले होते. मुक्काम रोलांच्या शेजारच्या बंगल्यात होता, त्यांच्या घरात नव्हे. अम्मी म्हणाली, "गांधीजींना मुलगा थोडाच भेटायचा होता." पण पटलं तिला.

आता आनमासबद्दल. सल्ला वाईट नाही. २०१९ च्या डिसेंबरपासून आनमास आणि जिनेव्हाचं मुख्य स्टेशन कॉर्नाव्हँ यांच्यामध्ये लेमान एक्सप्रेस ही लोकल धावते. म्हणजे बदलापूरला राहून कल्याणला कामाला जाण्यासारखंच. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुख्य मुक्काम असेल त्या देशाकडे करावा लागतो. सगळ्या रात्री आनमासला काढल्या तर भाऊ स्वित्झर्लंडमध्ये, त्याचं बोलावण्याचं पत्र स्वित्झर्लंडचं, आणि अर्ज मात्र फ्रान्सकडे, असा घोळ होतो. माणशी ९० युरो फी आणि किमान ३०,००० युरोंचा विमा उतरवल्यावर कोणाला असा घोळ हवा आहे? दुसरी गोष्ट, जिनेव्हात हॉटेल, यूथ हॉस्टेल किंवा कॅम्पसाइटवर उतरलेल्या पाहुण्याला मुक्कामाच्या दिवसांसाठी शहराच्या वाहतुकीचा पास फुकट मिळतो. बस, ट्राम, शहरातली लोकल आणि तलाव ओलांडणाऱ्या छोट्या पिवळ्या होड्या, सगळं त्यात येतं. पलीकडे फ्रान्समध्ये राहिलात तर हा पास नाही. तीन माणसांचा सहा दिवसांचा हिशोब मी वहीत मांडला तेव्हा 'निम्म्या पैशांत' मधला निम्मा कुठेतरी विरघळला. तरुण मुलांनी जरूर राहावं तिथे. अम्मीच्या गुडघ्यांना मात्र दिवसातून दोन वेळा स्टेशनचे जिने झेपणारे नव्हते.

टूरवाल्याच्या लेक व्ह्यूवर मला जरा जास्त बोलायचं आहे.

मी वालधुनीच्या काठची. आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर साडेनऊशे वर्षांहून जुनं, इसवी सन १०६० चं, ते याच नदीच्या काठावर आहे. देखणं मंदिर आहे, शाळेच्या मुलांना घेऊन मी दोनदा गेले आहे. पण त्या नदीचं आज काय झालं आहे ते पाहिलेल्या माणसाला 'वॉटर व्ह्यू' या शब्दाचं फार कौतुक वाटत नाही. बदलापूरकडे जाताना टॉवरच्या जाहिराती दिसतात. रिव्हर व्ह्यू, हिल व्ह्यू, अमुक व्ह्यू. नळाला पाणी किती वाजता येतं ते मात्र बोर्डावर नसतं.

जिनेव्हाच्या तलावाची गंमत अशी की तो शहरात सगळ्यांचा आहे. पाण्याच्या कडेने मैलभर चालायचा रस्ता, बाकं, झाडं. कोणी तिकीट विचारत नाही. ज्या खिडकीतून तो दिसतो तिचे रात्रीला शेकडो फ्रँक जास्त, आणि फ्रँक म्हणजे आपल्या शंभर रुपयांहून वर. त्या खिडकीशी तुम्ही बसणार किती वेळ? सकाळी बाहेर पडायचं, रात्री थकून यायचं. बाकावर बसून तोच तलाव, तोच माँ ब्लाँ, तीच हवा. उलट बाकावर शेजारी माणूसही बसतो. काठावरच्या मोठ्या हॉटेलांना इतिहास आहे, हे मान्य. बो-रिव्हाज नावाच्या हॉटेलातून बाहेर पडलेल्या ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथवर १८९८ मध्ये इथेच धक्क्यावर हल्ला झाला. जवळच एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत १९२० पासून राष्ट्रसंघाचं मुख्यालय होतं. इतिहासाच्या शिक्षिकेला मी हे सगळं बाहेरून फोटो काढून आणलं. आत राहिले असते तरी फोटो तोच आला असता.

त्या धक्क्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली. आखाती देशांतली श्रीमंत कुटुंबं तिथे मुक्कामाला येतात. काळे अबाये, हिजाब, सामानाच्या गाड्या, आणि दरवाजा उघडून वाकणारे नोकर. याच देशाने २९ नोव्हेंबर २००९ ला नवीन मिनार बांधायला बंदी घालण्याच्या बाजूने ५७.५ टक्के मतं दिली होती. संपूर्ण देशात मिनार चारच, आणि तरी. जिनेव्हाने मात्र त्या वेळी विरोधात मतदान केलं होतं, हे सांगायला हवं. पैसे घेऊन आलेला हिजाब चालतो, राहायला आलेला मिनार खुपतो. हे फक्त तिथलं नाही. आपल्याकडेही हाजीअलीला सगळे जातात, भाड्याने खोली देताना नाव विचारतात.

मशिदीजवळ राहा, हा मोठ्या अब्बांचा सल्ला मी सगळ्यात जास्त वेळ मनात घोळवला. प्ती-साकोने भागातली मशीद १९७८ मध्ये उघडली. देशातल्या चार मिनारांपैकी एक तिचा. आम्ही जुम्याला तिथे गेलो, बायकांसाठी व्यवस्था होती, अम्मी खूश झाली. पण ती टेकाडावर, वस्तीच्या भागात आहे. मे महिन्याच्या शेवटी तिथे सूर्य सव्वानऊला मावळतो आणि इशाची वेळ रात्री अकरा उलटून गेल्यावर होते. त्या वेळी सत्तरीकडे झुकलेल्या बाईला घेऊन कोणी मशिदीत जाणार नव्हतं. मुसाफिराला नमाज आखूड करायची, कसर करायची सवलत दिली आहे ती उगाच नाही. खोलीत जानमाज अंथरली की झालं. बसने मशीद दहा-पंधरा मिनिटांवर असली तरी पुरते.

आणि 'आपल्या लोकांत' म्हणजे नक्की कोणांत? तिथले मुसलमान बाल्कनमधले, तुर्की, अरबी, आफ्रिकी. आमच्या उर्दूचा एक शब्द कोणाला कळत नव्हता. सलामाला उत्तर प्रेमाने मिळालं, त्यापुढे हातवारे. कल्याणच्या कोकणी मुसलमानाला आणि भिवंडीच्या मोमीनाला एकमेकांचं जेवण तिखट की फिकं यावरून वाद घालताना मी ऐकलं आहे, तिथे 'आपले लोक' हा शब्द एवढा पसरट नसतो. मला असं वाटतं की आपण जेव्हा हा सल्ला देतो तेव्हा 'आपले' म्हणजे 'जे नाही म्हणणार नाहीत ते' असा अर्थ असतो.

ही 'नाही'ची भीती कुठून येते ते मला माहीत आहे. दहा वर्षांपूर्वी आम्ही आपल्याच राज्यातल्या एका तलावाकाठच्या गावी गेलो होतो. फोनवर खोली ठरली होती, आगाऊ पैसे मागितले नव्हते एवढंच. संध्याकाळी पोचलो. काउंटरवरच्या माणसाने आधी मोकळेपणाने दर सांगितले, मग ओळखपत्रं घेतली, आत गेला, बाहेर आला. "सॉरी, फुल्ल आहे. मालकांनी आधीच दिलीय." आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला त्याने आमच्यासमोर चावी दिली. मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. ती विचारत होती की आपल्याला ती पायऱ्यांवरची खोली का नाही मिळाली. रात्री साडेनऊला एका सिंधी माणसाच्या साध्या लॉजमध्ये जागा मिळाली. त्याने आधार कार्ड पाहिलं, पत्ता वाचला आणि विचारलं, "अंबरनाथ? माझी मावशी कॅम्प चारला राहते." मग चहा पाजला.

माझ्या याच भावाने पुढे बदलापूरला फ्लॅट बघितला होता. नवीन कॉम्प्लेक्स, पुढे डोंगर. दलालाने सगळं दाखवलं, टोकनची रक्कमही सांगितली. नाव लिहून घेताना त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "माझं काही नाही हो, पण सोसायटीचं वातावरण..." भावाने अंबरनाथलाच घेतला. आमचे सगळे नातेवाईक म्हणाले, बरं झालं, आपल्या लोकांत आला.

हे सगळं मी एका सहलीच्या लेखात का लिहिते आहे? कारण जिनेव्हाची खोली ठरवताना ते सगळं माझ्याबरोबर होतं. मला ते कळलंही नाही, मुलीने दाखवून दिलं.

मी जे हॉटेल शेवटी निवडलं ते पाकी नावाच्या भागात. स्टेशन आणि तलाव यांच्या मधली ही वस्ती. गल्ल्यांना स्वित्झर्लंडमधल्याच दुसऱ्या शहरांची नावं, बर्न, झुरिक, बाल, फ्रीबूर्ग. लेबनानी, इथिओपियन, तुर्की, भारतीय खाणावळी एकमेकींना खेटून. माझा निकष साधा होता. खोलीत छोटी शेगडी आणि दोन भांडी असलेलं हॉटेल, स्टेशनपासून चालत, तलावापर्यंत चालत, लिफ्ट असलेलं. शेगडी सगळ्यात महत्त्वाची. स्वित्झर्लंडमध्ये जनावर बेशुद्ध न करता कापायला १८९३ पासून बंदी आहे. त्यामुळे हलाल मटण बहुतेक बाहेरून येतं आणि महाग पडतं. खोलीत शेगडी असली की डाळ, भात, अंडी यावर अर्धा आठवडा निघतो, आणि आम्ही तो काढला. उल्हासनगरहून नेलेले पापड तिथल्या धुराच्या अलार्मच्या भीतीने मात्र तसेच परत आले.

पाकीबद्दल एक गोष्ट लपवून चालणार नाही. तिथल्या काही गल्ल्यांत रात्री देहविक्रय चालतो, तो तिथे कायद्याने गुन्हा नाही. बायका उघड उभ्या असतात. पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन जाणाऱ्या आईने हे आधी वाचावं. मी वाचलं, भावाला विचारलं, आणि ती गल्ली टाळून तलावाच्या बाजूचं हॉटेल घेतलं. तरी एका संध्याकाळी रस्ता चुकून आम्ही त्या गल्लीतून गेलोच. अम्मीने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "थंडीत उभ्या आहेत बिचाऱ्या." मुलीने काहीच विचारलं नाही. मुंबईच्या लोकलने वाढलेल्या मुलीला जग काय आहे ते मी समजते त्यापेक्षा जास्त माहीत असतं.

तर, मुलीने काय दाखवून दिलं ते सांगते. बुकिंग करण्याआधी मी त्या हॉटेलला ईमेल लिहायला बसले. इंग्रजी माझं बेताचं. मुलीला वाचायला दिलं. त्यात मी लिहिलं होतं की आम्ही तीन स्त्रिया आहोत, मी सरकारमान्य शाळेत शिक्षिका आहे, बी.एड. आहे, माझी आई डोक्यावर कपडा घेते पण चेहरा उघडा ठेवेल, आम्ही शांत लोक आहोत, खोलीत नमाज पढतो पण आवाज होत नाही, माझ्या भावाची कंपनी अमुक आहे, त्याचं पत्र जोडलं आहे, काही अडचण असल्यास कृपया आधी कळवावे.

मुलगी म्हणाली, "मम्मी, तू बुकिंग करते आहेस की अर्ज लिहिते आहेस?"

मी चिडले. मग तसाच पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एकाच ओळीचं. तिसरा पलंग वेगळा हवा की सोफ्याचा चालेल?

मी ते उत्तर शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. खूप वेळ वाचत बसले. त्यात खास काहीच नव्हतं. त्या माणसाला माझ्या बी.एड.शी, अम्मीच्या ओढणीशी, भावाच्या कंपनीशी देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त पलंगांची संख्या हवी होती. पन्नाशी जवळ आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की राहायची जागा मागताना दुसरा काही प्रश्न नसतो, एवढाच असतो.

म्हणून तिकडे सगळं छान आणि इकडे सगळं वाईट असा सोपा सूर मी लावणार नाही. चेहरा झाकण्यावर तिथे २०२१ मध्ये मतदान झालं आणि १ जानेवारी २०२५ पासून बंदी लागू आहे, दंड हजार फ्रँकपर्यंत. लक्षात ठेवा, ही बंदी नकाबावर आहे, डोक्यावरच्या स्कार्फवर नाही. अम्मी इथे बाजारात जाताना नकाब ओढते. तिला सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "आणि सर्दी झाली तर मास्क चालतो का?" चालतो. आजारपण, थंडी, तिथले स्थानिक सण यांसाठी कायद्यात सूट आहे. अम्मी हसली. "म्हणजे थंडीचा नकाब चालतो, अल्लाहचा नाही." तिने चेहरा उघडा ठेवला, तो तिचा निर्णय. पण तो निर्णय तिने घ्यावा की मतपेटीने, हा प्रश्न मी तिथेच सोडून आलेले नाही.

आणि राहण्याच्या जागेचंच म्हणाल तर त्या शहराचा हिशोबही साफ नाही. भावाच्या मजल्यावर एक म्हातारे स्पॅनिश गृहस्थ राहतात. भावाने दुभाषाचं काम केलं, त्यांनी कॉफी दिली आणि सांगितलं. ते तरुणपणी बांधकामावर आले तेव्हा 'हंगामी कामगार' होते. वर्षातून नऊ महिने काम करायचं, मग देश सोडायचा, पुढच्या वर्षी परत. बायकामुलांना आणायची परवानगी नाही. राहायला शहराबाहेर लाकडी बराकी. ज्यांनी मुलांना चोरून आणलं ती मुलं दिवसभर खोलीत गप्प बसायची, खिडकीशी जायचं नाही, रडायचं नाही. तिकडे त्यांना कपाटातली मुलं म्हणतात. ही पद्धत २००२ पर्यंत कायद्यात होती. ती पूल आणि घरं याच लोकांनी बांधली, आणि त्यांच्या मुलांना मात्र खिडकीतून तलाव बघायचीही परवानगी नव्हती.

'बराक' हा शब्द ऐकून अम्मीने मान वर केली. आमच्याकडे तो शब्द रोजचा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासित त्या बराकींत आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. आजही आम्ही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असंच म्हणतो. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचं माहेर अजून एका बराकीच्या जागेवर उभ्या असलेल्या घरात आहे. त्यांच्या आजीला कोणी विचारलं नव्हतं की तुम्हाला पलंग वेगळा हवा का. एका खोलीत पडदे लावून चार कुटुंबं. ज्या जिनेव्हात १९५१ मध्ये निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि ज्यावर भारताने आजही सही केलेली नाही, त्या शहरात बसून मला उल्हासनगरचा अभिमान वाटला, हे खोटं नाही. त्या लोकांनी कोणत्याही कराराशिवाय बराकीचं शहर केलं. मग त्याच शहराच्या आसपास आज नाव बघून फ्लॅट नाकारले जातात तेव्हा जास्त दुखतं.

पूर्वी मुंबईहून हजला जहाजं जात तेव्हा माझे आजोबा क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले होते. आठ दिवस जहाजाची वाट बघत. ते सांगायचे, एका बाजूला केरळचे, दुसऱ्या बाजूला बिहारचे, भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पण डाळीत पाणी वाढवायचं सगळ्यांना कळत होतं. तिथे कोणी नकार देईल अशी भीती नव्हती. चांगलीच सोय होती ती. पण आपण आयुष्यभर मुसाफिरखान्यातच उतरायचं का? मोठ्या अब्बांना मी हेच म्हणाले. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "बेटा, मी सांगतो ते भीतीने सांगतो, अक्कल म्हणून नाही."

जाणाऱ्यांसाठी आणखी काही बारीक गोष्टी. तिथल्या संडासात पाणी नसतं, रिकामी बाटली बॅगेत ठेवाच. वजू करायला हॉटेलचं बेसिन उंच पडतं, अम्मीला स्टूल लागलं, मागितल्यावर लगेच दिलं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनातली उघडी असतात, म्हणजे स्टेशनजवळ राहण्याचा आणखी एक फायदा. रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिण्याचं असतं, विकत घेऊ नका. पाकीच्या धक्क्यावर तलावात आत गेलेला एक जुना सार्वजनिक स्नानघाट आहे, १९३२ चा. तो पाडायचं ठरलं होतं तेव्हा गावाने १९८८ मध्ये मतदान करून वाचवला. दोन-चार फ्रँकमध्ये प्रवेश, स्वस्तात जेवण, आणि चहुबाजूंनी पाणी. आम्ही तीन संध्याकाळी तिथे बसलो. टूरवाल्याला मी आल्यावर सांगितलं की लेक व्ह्यूची सगळ्यात चांगली खोली तीच आहे आणि तिला भिंती नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगितली नव्हती. अम्मी जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढत आली. जिनेव्हाहून किबला आग्नेयेला. पहिल्या दिवशी तिला ते पटेना, मोबाईलवर तिचा विश्वास नाही. भावाने तिला फजरनंतर धक्क्यावर नेलं. आकाश स्वच्छ होतं. तलावापलीकडे माँ ब्लाँ दिसत होता. भाऊ म्हणाला, "अम्मी, तो बर्फाचा डोंगर आहे ना, साधारण त्याच दिशेला." मग पुढचे पाच दिवस तिने खोलीत जानमाज अंथरताना डोंगर कुठे असेल याचा अंदाज घेतला. खिडकीतून तो दिसत नव्हता.

जून महिन्यात शाळा सुरू झाली तेव्हा त्या सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं. त्यांचा मुलगा झुरिकला आहे, दिवाळीत जायचं चाललंय. "मॅडम, तुमच्या रूममधून तलाव दिसत होता का हो?"

"नाही," म्हटलं, "समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसायची. एक आजी रोज सकाळी चादरी झटकायच्या."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मला घरासारखंच वाटेल. किचन होतं ना?"

मी त्यांना वहीतलं पान फाडून दिलं.